निळ्या पाण्याची गाडी

"सर, विमानात कोणी संडासला गेलं की ते सगळं खाली पडतं का? म्हणजे आत्ता एखादं विमान वरून गेलं, तर आपल्या डोक्यावर पडेल का?"

हा प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, प्रश्न माझ्या वर्गातल्या सविताचा. विज्ञान दिनाला मुंबईच्या विमानतळावरून निवृत्त झालेले यादव सर शाळेत येणार हे कळल्यापासून ती आणि पल्लवी माझ्या मागे लागल्या होत्या. "स्वतःला विमानवाली म्हणवतेस ना? मग विचार. आणि कानात नाही हं, माइकवर!" मी म्हटलं, त्यात काय? नववीच्या तीन तुकड्या, सगळ्या बाई आणि हेडसर यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारून मोकळी झाले.

एवढी हिंमत माझ्यात आधीपासून नव्हती. घोटीजवळच्या आमच्या गावातून आम्ही शहरात, गंगापूर रोडला दोन खोल्यांत राहायला आलो, तेव्हा मी सहावीत होते. वर्षभर मी वर्गात तोंडच उघडलं नाही, कारण उघडलं की 'लय' आणि 'नाय' बाहेर पडायचं आणि मागचे बाक खिदळायचे. मग मला माझं हत्यार सापडलं. माझे बाबा मुंबईच्या विमानतळावर कामाला. ते दर शनिवारी संध्याकाळी घरी यायचे आणि येताना पिशवीत खाऊ नसला तरी एक गंमत नक्की असायची.

"तेजू, ब्लॅक बॉक्स काळा नसतो बरं का. नारिंगी असतो! जळक्या ढिगाऱ्यात काळा डबा कोणाला दिसणार?"

"तेजू, दोन्ही पायलटांना एकच जेवण देत नाय. एकाला बाधलं तर दुसरा शुद्धीवर पाहिजे ना!"

"तेजू, इंजिन बनवतात ना, तवा त्याच्यात तोफेनं मेलेली कोंबडी मारून बघतात. पक्षी घुसला तर टिकतं का नाय ते."

विमानाच्या खिडकीला खाली टाचणीएवढं भोक असतं. धावपट्टीवरचा आकडा म्हणजे दिशा असते: पूर्वेला तोंड असेल तर नव्वद अंश, म्हणजे शून्य नऊ शून्य, त्यातलं शेवटचं शून्य काढायचं, की झाले शून्य नऊ. विमानात सुकं खोबरं नेऊ देत नाहीत, ते पेट घेऊ शकतं म्हणून. (हे ऐकून आई म्हणाली, "मग ओटी कशी भरायची सासरी चाललेल्या पोरीची?") सोमवारी मधल्या सुट्टीत मी हे सगळं वर्गात वाटायचे आणि पोरं माझ्याभोवती गोळा व्हायची. 'लय' म्हटलं तरी चालायला लागलं. मी विमानवाली झाले.

तर माइकवर माझा प्रश्न गेला आणि सभागृह फुटलं. आमच्या वर्गशिक्षिका पगार बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की बस. पण यादव सर खूश झाले.

"नाही पडत, बाळ! टाकीत साठतं. विमान उतरलं की एक गाडी पोटाखाली जाते, माणूस पाइप जोडतो, सगळं ओढून घेतो, टाकी धुतो आणि आत निळं औषधी पाणी भरतो. ते झाल्याशिवाय विमान हलत नाही. जिथे जातो तिथे लोक मला वैमानिकांचा पगार विचारतात. आज पहिल्यांदा कोणी कामाचं विचारलं! नाव काय तुझं?"

मी छाती काढली. "तेजस्विनी नाथा भोर! सर, माझे बाबा पण विमानतळावर आहेत!"

"नाथा भोर? घोटीकडचे? उंच, डाव्या भुवईवर खूण?"

"हो सर!"

"अगं, मग मला कशाला विचारतेस? तुझ्या बाबांइतकं हे काम मुंबईत कोणाला येत नाही! वीस मिनिटांत अख्खं जंबो रिकामं करतात नाथाभाऊ!"

ते मनापासून बोलत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुकच होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त हसू ऐकू आलं. मघाशी माझ्या प्रश्नाला हसले होते, ते वेगळं होतं.

पगार बाईंनी मागच्या वर्षी बाबांनाच भाषणाला बोलावलं होतं. बाबा म्हणाले होते, सुट्टी नाय मिळत. म्हणून बाईंनी ओळखीतून यादव सरांना गाठलं. सुट्टी का मिळत नव्हती, ते आता अख्ख्या नववीला कळलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर गाडी काढलेली होती. टाकी, पाइप, आणि पाइप धरलेली दोन वेण्यांची मुलगी. मी पुसली. मधल्या सुट्टीत पल्लवीने माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी घेतली नाही. रोज घेते. रोज म्हणजे रोज. "नको गं, आज पोटात कसंतरी होतंय," म्हणाली आणि सविताच्या डब्यातली भेंडी खाल्ली. मी चटणी एकटीनेच संपवली. मग सविता गोड आवाजात म्हणाली, "काय गं तेजू, या शनिवारी बाबा पिशवीतून काय आणणार?"

मी तिचा डबा उचलला आणि खिडकीतून फेकला. भेंडी, पोळी, झाकण, सगळं. दुसऱ्या मजल्यावरून.

प्रश्न तिचा होता! तिनेच मला उभं केलं होतं! आणि विमानात बसलेल्या त्या सगळ्या माणसांचं कोणाला हसू नाही आलं, जी आठ-आठ तास बसतात, जातात, साखळी ओढल्यासारखं बटण दाबतात आणि विसरतात. हसू कोणाचं, तर जो ते उचलतो त्याचं.

शुक्रवारी आईला शाळेत बोलावलं. आई परत आली तेव्हा तिच्या हातात घडी घातलेला कागद होता. तो तिने देवाच्या फोटोमागे ठेवला आणि कांदा चिरायला बसली. मला रागावली नाही. मला तेच विचित्र वाटलं, आणि बाबांचं काम तिला आधीपासून माहीत होतं हे माझ्या लक्षात आलं.

शनिवारी संध्याकाळी बाबा आले. चप्पल काढली आणि मोरीत गेले. कोपरापर्यंत साबण, एकदा, दोनदा, तीनदा. हे मी तीन वर्षं बघत होते. मला वाटायचं, विमानतळावरची माणसं अशीच टापटीप असतात. त्या दिवशी मी दारात उभी राहून मोजलं आणि माझं डोकं जास्तच फिरलं.

"तुम्ही खोटं बोललात."

बाबा टॉवेल शोधू लागले. "काय झालं?"

"यादव सर आले होते शाळेत."

मग त्यांनी टॉवेल शोधायचं थांबवलं. ओले हात तसेच.

"खोटं नाय बोललो, तेजू. विमानतळावर हाय म्हणलो. हाय ना मी?"

"काय करता ते नाही सांगितलंत!"

"तू इचारलं नाय."

"मी दर शनिवारी तेच विचारत होते! तुम्ही मला कोंबडीची तोफ सांगितलीत! खिडकीचं भोक सांगितलंत! पायलटांनी काय खाल्लं ते सांगितलंत, आणि खाल्लेलं पुढे कुठे जातं ते नाही सांगितलंत!"

"हळू बोल," आई म्हणाली. "शेजारच्या ऐकतात."

"ऐकू देत! सगळ्या नववीने ऐकलंय!"

"ओरडू नको गं बाई. तुझ्या मामाला पण ठाऊक नाय हे. गावात लग्न असलं की पंगतीत वाढायला हे पुढं असतात. मानानं बोलवतात, नाथा, तूच वाढ. कळलं तर यांच्या हातचं कोण घेईल पानात?"

मला पल्लवीचं 'पोटात कसंतरी' आठवलं. बाबा खाली बसले, भिंतीला टेकून.

"पाण्याची गाडी वेगळी असती आमच्याकडं," ते म्हणाले. "पिण्याचं पाणी भरती ती. तिच्यावरचा माणूस आमच्या गाडीला हात लावत नाय, आमचा माणूस तिला. दोन गाड्या शेजारी उभ्या पण करायच्या नाय. नियम हाय, आणि चांगला नियम हाय. रोगराई होऊ नये म्हणून. पण नियम गाड्यांचा हाय. पाण्याच्या गाडीवरचा एक जण हाय, मी जेवायला बसलो की तो डबा उचलून लांब जातो. मी अंघोळ करून, कपडे बदलून बसतो. तरी जातो."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? जेवतो."

मला रडू येणार होतं, पण रागाने ते वर येऊ दिलं नाही. "आता सांगा," मी म्हटलं. "सगळं सांगा. दुसऱ्याचं नाही. तुमचं."

बाबांनी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि हळूहळू बोलायला लागले. विमानाच्या पोटाखाली एक झडप असते. ती उघडताना तोंड बाजूला ठेवायचं, हे पहिल्या दिवशी शिकले, तोंड समोर ठेवून. पाइप फिरवून अडकवायचा, 'खट' ऐकू आलं पाहिजे, नाही आलं तर देवाचं नाव घ्यायचं. एकदा टाकीतून एका म्हातारीची कवळी निघाली.

"अगं ती मागायला परत आली! मी धुतली गरम पाण्यानं, साबणानं, तीनदा. म्हणलं आजी, घरी जाऊन उकळा. तिनं घेतली आणि तिथंच तोंडात घातली. वर हसून दाखवलं!"

आईने तोंडाला पदर लावला. मी हसणार नव्हते. हसले.

"आणि सगळ्यात मोठं काम झाकणाचं. झाकण नीट बसलं नाय तर थेंब थेंब गळतं. वर इतकी थंडी की जागेवर गोठतं. निळा बर्फ होतो, दगडाएवढा. मग विमान खाली यायला लागलं की सुटतो आणि पडतो कोणाच्या तरी कौलावर. परदेशात पडलेत असे. म्हंजे तुझा प्रश्न काय येडा नव्हता." त्यांनी बोट वर केलं. "पण मी बसवलेलं झाकण आजपातूर गळलं नाय. एकदा लंडनचं विमान चाळीस मिनिटं थांबवलं मी. सायब वरडतोय, टायम झाला, टायम झाला. म्हणलं, झाकणाचं रबर फाटलंय, नवीन आणा, तोवर नाय सोडणार. तीनशे माणसं आत. थांबली माझ्यासाठी!"

त्यांचा चेहरा शनिवारचा होता. माझ्या नेहमीच्या शनिवारचा. आणि मला इतका राग आला! सगळ्यात भारी गोष्ट माझ्यापासून तीन वर्षं लपवली आणि कोंबड्यांवर माझी बोळवण केली!

तेवढ्यात आईने फोटोमागचा कागद काढला आणि बाबांच्या पुढे ठेवला, पेनासकट.

"सही करा. सोमवारी देते."

शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज होता. शाळेने मला काढलं नव्हतं. पगार बाई तर म्हणाल्या होत्या, डबा फेकलाय, माफी मागू दे, विषय संपला. अर्ज आईने स्वतः मागून घेतला होता.

"नवीन शाळेत कोणाला ठाऊक नसंल," आई म्हणाली. "कोणी विचारलं तर सांग, वडील गोदामात हायेत."

"कुठल्या गोदामात?"

बाबांनी पेन उचललं होतं. "इथंच सातपूरला, एका गोदामात बोलणी केल्यात मी. रखवालदाराचं काम. रोज घरी येईन." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तुला खाली बघायला नको."

"कधी केलीत बोलणी?"

"काल. आईनं फोन केला तवा."

म्हणजे आल्यावर 'काय झालं' विचारलं, तेव्हाही त्यांना सगळं माहीत होतं! आणि हे सगळं एका दिवसात! सविताच्या एका वाक्याने माझी शाळा गेली आणि बाबांची गाडी गेली! लंडनचं विमान थांबवणारा माणूस, सायब ओरडत असताना न हलणारा माणूस, नववी 'ब'ला घाबरला!

मी अर्ज ओढून घेतला. फाडला नाही. फाडला असता तर आईने दुसरा आणला असता. वाचला. नाव, जन्मतारीख, इयत्ता, सगळं आईने बाईंकडून भरून घेतलं होतं. 'शाळा सोडण्याचे कारण' एवढाच रकाना कोरा होता.

"इथे काय लिहायचं?" मी विचारलं.

बाबा पेन बोटांत फिरवत राहिले.

"सांगा ना. काय लिहायचं? वडील झाकण नीट बसवतात म्हणून?"

"तेजू, तुझ्या भल्यासाठीच..." आई म्हणाली.

"नाही! आधी तुम्ही बाबांचं काम लपवलंत. आता मला लपवताय. मी काय केलंय? बाबांनी काय केलंय?" माझा आवाज शेजारी नक्की गेला असणार. "ऐका आता. सोमवारी मी सविताला सॉरी म्हणणार, भेंडीबद्दल, कारण अन्न फेकणं चूक होतं. फक्त भेंडीबद्दल. बाबा, तुम्हाला रखवालदारी आवडत असेल तर खुशाल जा. पण माझ्यासाठी म्हणून जाणार असाल, तर नाही चालायचं. मामाला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या वर्गाचं मी ठरवलंय. मी दाखला काढणार नाही. दहावी याच शाळेत करणार, त्याच बाकावर. आणि कोणी विचारलं की तुझे बाबा काय करतात, तर मी सांगणार. झडपेपासून सांगणार, घंटा होईपर्यंत सांगणार. ठरलं."