खोटारड्या बदकोबाची खरी गोष्ट

मी एक जुना लाकडी बदकोबा आहे. अमेरिकेतल्या लुइझियानाच्या दलदलीत वादळानं पाडलेल्या सायप्रस झाडाच्या मुळातून अल्सीद आजोबांनी मला कोरलं. माझा धंदा खोटं बोलण्याचा. पाण्यावर तरंगायचं आणि आभाळातल्या बदकांना भासवायचं, की या, इथं सगळं ठीक आहे. ती उतरत, बंदूक वाजे, आणि ओदील आजींच्या पातेल्यात रस्सा रटरटे.

मी इतका हुबेहूब होतो, मित्रांनो, की एकदा धुक्यात खुद्द अल्सीद आजोबांनी मलाच गोळी घातली. छर्रा अजून शेपटीत आहे. ओदील आजी म्हणाल्या, "आता यालाच शिजवते. तीन दिवस लागतील, पण शिजेल."

पुढं समुद्राचं खारं पाणी आत शिरलं. गवत मेलं, पाखरं गेली. सरकारनं दलदल राखीव केली, बंदूक खुंटीला लागली आणि मी कांद्यांच्या टोपलीत.

मग तांदळाच्या एका कंपनीनं खारं पाणी अडवायला दरवाजे बांधून दिले. तिची माणसं स्वतः चिखलात उतरून गवत लावून गेली. निम्म्यांचे बूट अजून तिथंच आहेत. दरवाजांची राखण आजोबांच्या नातीकडे, एल्दाकडे आली. तीन वर्षांत गवत कमरेला लागलं, पण बदकं वरूनच जात. आता कंपनीचे रोमेरो साहेब पाहायला येणार होते. पाखरंच नसतील, तर दरवाजे पुढं कशाला चालवायचे?

"आजोबा, पाणी गोडं झालं, गवत आलं. मग उतरत का नाहीत?"

"पन्नास वर्षं गोळ्या घातल्यात मी. विसरतील होय?"

"मग काय करायचं?"

"ज्यानं फसवलं, त्यालाच पाठवू."

त्यांनी मला टोपलीतून काढून पाण्यात सोडलं. साहेब आले, त्यांनी दुर्बीण लावली. "एक दिसतंय. जरा आळशी आहे."

"घरचंच आहे ते," आजोबा म्हणाले. "खात नाही, उडत नाही. कंपनीला खर्च नाही."

साहेब हसले, पण त्यांनी वही मिटली. एल्दा खाली बघत राहिली.

तेवढ्यात तीन बदकं माझ्यावरून घिरट्या घालू लागली. या, इथं सगळं ठीक आहे, मी नेहमीचं खोटं बोललो. आणि माझ्या लक्षात आलं, या वेळी ते खोटं नव्हतं.

ती उतरली. आजोबांनी सवयीनं कान झाकले. आवाज झालाच नाही.

मग इतकी बदकं आली, की त्या दिवशी सूर्याला वाट काढायला अर्धा तास लागला. साहेबांनी वही पुन्हा उघडली. दरवाजे अजून चालू आहेत, आणि त्यांच्या राखणीला एल्दाही.

म्हणून मित्रांनो, घरातली जुनी वस्तू फेकू नका. तिनं आयुष्यभर लबाडी केली असली तरी तिला एकदा खरं बोलू द्या. त्या बूट हरवलेल्या माणसांनी मला बोलू दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. सध्या एक बदकीण रोज माझ्या शेपटीला टेकून झोपते. छर्रा टोचतो तिला. पण हलत नाही.