दादांचं लांब वाक्य

"शिकव," दादा म्हणाले.

सुनेच्या कडेवर बाळ होतं आणि शेगडीवरचं दूध उतू जायच्या बेतात. सासरे असे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिल्याचं तिला लग्न झाल्यापासून आठवत नव्हतं. दादांचं खरं घर म्हणजे अंगणापलीकडची त्यांची सुतारकामाची खोली. इकडे ते यायचे ते जेवायला आणि झोपायला. आत्ताही कोपरापर्यंत भुसा माखलेला होता.

"काय शिकवू, दादा?"

"इंग्रजी."

"अगं बाई!" आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या. "मराठी बोलून संपलं वाटतं!"

दादांनी तिकडे कान दिला नाही. "दूध," एवढंच म्हणाले, आणि सून गर्रकन वळली.

या इंग्रजीमागचं कारण तिला ठाऊक होतं. सकाळीच नणंदेचा फोन आला होता. ती लांब परदेशात राहायची. लेकीला सुट्टी लागली की दोघी येणार होत्या. बोलता बोलता हसून म्हणाली, "तुझी भाची विचारतेय, आजोबा अजून रागावलेलेच आहेत का? मागच्या वेळी जाम घाबरली होती ना." फोनचा स्पीकर चालू होता आणि दादा दाराशी चपला घालत होते, हे तिला बिचारीला कुठून कळणार!

मागच्या वेळी पोर चार वर्षांची होती. तिच्या बापाची भाषा वेगळी, आईची वेगळी, म्हणून घरचा सगळा कारभार इंग्रजीत. बिस्किटं गालात साठवून ठेवायची, म्हणून दादांनी तिचं नाव खारूताई ठेवलं होतं, आणि स्वतःजवळ होतं नव्हतं तेवढं सगळं इंग्रजी तिच्यावर उधळलं होतं. कम. सिट. ईट. गो. म्हणत होते लाडानंच. पण तो आवाज उभा जन्म करवतीच्या आवाजावर चढून बोलायला सरावलेला. पोर दर वेळी दचकायची आणि आईच्या पायांमागे जाऊन दडायची. जाताना दादा गाडीपर्यंत गेले, तर तिनं काच वर केली.

शिकवणी सुरू झाली ती दुपारची, बाळ झोपल्यावर, दादांच्या खोलीत. बाळंतपणाआधी सून एका क्लासमध्ये मुलांना व्याकरण शिकवायची. तेव्हापासून हातात खडू नव्हता, लंगोट होते. बाळाच्या झोपेतून चोरलेला तो तास तिला इतका गोड लागला की पहिल्या दिवशी ती उगाचच केस नीट विंचरून गेली.

"हे बघा दादा, वाक्यं तीन जातींची. पहिलं केवल वाक्य. आय सिट. मी बसतो. झालं, संपलं. एकटं उभं राहतं."

"स्टूल," दादा म्हणाले.

"अं? हो, स्टूल! दुसरं संयुक्त वाक्य. आय सिट अँड यू ईट. दोन वाक्यं शेजारी शेजारी. जोड काढला तरी दोन्ही उभी."

"बाकाला बाक."

"तिसरं मिश्र. आय अ‍ॅम हॅपी बिकॉज यू केम. मला आनंद झाला, कारण तू आलीस. यातलं 'कारण तू आलीस' एवढंच म्हटलं, तर ऐकणारा वाट बघत बसतो, पुढं काय म्हणून."

दादांनी जरा विचार केला. "ड्रॉवर. कपाट नसेल तर ठेवायचा कुठं?"

सून हसू लागली, मग बाळ उठेल म्हणून तोंडावर हात ठेवून हसली. क्लासातल्या मुलांना हे पटवताना तिचा घसा सुकायचा.

अडलं ते पुढेच. "आता तुम्ही सांगा, खारूताईला काय म्हणायचंय? आधी मराठीत सांगा."

"ये."

"पण कशाला ये? का ये?"

"ये म्हणजे ये!"

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की अडचण इंग्रजीची नाहीच. दादा मराठीतही लांब वाक्य बोलत नसत. लाकडावर करवत चालू असताना 'जरा ते टोक धरतोस का' म्हणायला सवड कुठे असते? धर. सोड. सरक. तेवढ्यात वाक्य उरकलं नाही, तर बोट जातं. दादांच्या डाव्या हाताचं एक बोट अर्ध्यावर संपलेलं होतंच की. लग्नानंतर 'जेव' आणि 'झोप' ऐकून सुनेलाही कितीतरी दिवस वाटायचं, आपण काही यांना पसंत नाही. मग एकदा, ती पोटुशी असताना, ओट्याशी अचानक एक उंच स्टूल येऊन बसलं. बरोब्बर तिच्या उंचीचं. कुणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून तिला दादांची भाषा कळायला लागली. पण आठ दिवसांसाठी आलेल्या पोरीला ती कशी कळावी?

"मला मागणी घातली तेव्हासुद्धा 'येतेस?' एवढंच विचारलं होतं," सासूबाई चहाचे कप ठेवत म्हणाल्या. "मी म्हटलं, कुठं? तर म्हणे, घरी."

"आलीस ना?" दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सून गेली तर बाकावर लाकडी ठोकळे मांडलेले. काहींची बुडं सपाट. काहींची मुद्दाम गोल केलेली, म्हणजे ठोकळा सोडला की कलंडणार. कडांना खाचा, आणि खाचेत बसणारी टोकं. "लिही," दादा म्हणाले. तिनं सपाट ठोकळ्यांवर मुख्य वाक्यं लिहिली, कलंडणाऱ्यांवर गौण. आणि काय नवल! ठोकळा हातात असला की दादांच्या तोंडून वाक्य यायचं. हात रिकामा झाला की पुन्हा मुके. 'आय अ‍ॅम हॅपी' उचलायचं, 'बिकॉज' बसवायचा, 'यू केम' सरकवायचं आणि अंगठ्यानं जोड दाबत दाबत म्हणायचं. चौथ्या-पाचव्या दुपारी ते अख्खं वाक्य न अडखळता बाहेर पडलं. सुनेनं टाळ्याच वाजवल्या आणि बाळ उठलं.

बाळाला निजवून ती परत आली, तर ते वाक्य शिकंज्यात आवळून ठेवलेलं.

"दादा! सरस लावून चिकटवलंत?"

"जोड छान बसला होता."

"अहो, पण 'बिकॉज' एकच होता आपल्याकडे! आता दुसऱ्या वाक्याला कुठून आणायचा?"

दादांनी वाक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. छान बसलेल्या जोडाला सरस लावायचा नाही, असं त्यांच्या आयुष्यात कधी घडलंच नव्हतं. ती दुसरा ठोकळा लिहायला बसली, तर म्हणाले, "नको. हेच पुरे." वाक्य घासून, पॉलिश करून फळीवर ठेवलं आणि पाहुण्या येईपर्यंत तेवढं एकच घोकलं.

आणि पाहुण्या आल्या, तेव्हा नेमके दादांचे दोन्ही हात बॅगांनी भरलेले. पोरगी दारात उभी. उंच झालेली, गाल मात्र तेच. दादांनी तोंड उघडलं. "आय," दादा म्हणाले. मग कपाळावर घाम, आणि शेवटी, खालच्या मानेनं, "कम."

खारूताई आईच्या मागे गेली. दादा बॅगा ठेवून अंगणापलीकडे गेले. जेवायलाही उशिरा आले.

"एवढा मोठा माणूस," सासूबाई भांडी आवरताना पुटपुटल्या, "आणि डोळे बघितलेस का?" या खेपेला त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सून अंगणात कपडे वाळत घालत होती. रंध्याचा आवाज ऐकून पोरगी चुकत माकत खोलीच्या दाराशी गेली. लाकडाचे छिलके भेंडोळ्या होऊन जमिनीवर पडत होते. तिनं एक उचलला, बोटात अंगठीसारखा घातला. दादांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. ती आणखी आत सरकली. बाकावर नुकतीच धार लावलेली पटाशी होती, ऊन पडून लखलखत. पोरीनं सरळ पात्याकडे हात नेला.

"स्टॉप!"

अंगणातली सूनसुद्धा दचकली. पोरगी जागच्या जागी थिजली. मग ओठ वाकडा झाला, डोळे भरले, आणि ती दाराकडे वळली. सुनेच्या तोंडाशी इंग्रजी आलं होतं. एका वाक्यात सगळं समजावता आलं असतं. पण ती हातातला ओला टॉवेल पिळत तशीच उभी राहिली. तिनं समजावलं असतं, तर ते तिचं वाक्य झालं असतं.

"आय शाऊट," दादा म्हणाले. पोरगी उंबऱ्यावर थबकली. "आय शाऊट..." दादांचा हात हवेत काहीतरी शोधत होता. मग त्यांनी फळीवरचं पॉलिश केलेलं वाक्य खाली काढलं आणि करवत घेतली.

वाक्य लांब, शिकंजा आखूड. कापायला लागताच मोकळं टोक थरथरायला लागलं. दादांनी मान वर केली.

"होल्ड," ते म्हणाले.

पोरीनं मामीकडे पाहिलं. मामीनं मान हलवली. पोरगी गाल पुसत आली आणि दोन्ही हातांनी टोक घट्ट धरलं, करवतीपासून चांगलं लांब, दादांनी नजरेनं दाखवलं तिथं. करवत चालली. भुसा तिच्या फ्रॉकवर पडला. एकीकडून कापलं, मग फिरवून दुसरीकडून, आणि 'बिकॉज' सुटा होऊन दादांच्या तळहातावर आला.

त्यांनी तो मुठीत आवळला.

"आय शाऊट बिकॉज," दादा म्हणाले, आणि आपलं अर्धं बोट तिच्यापुढं धरलं. मग त्याच बोटानं तिच्या बोटांना हलकेच स्पर्श केला. "बिकॉज आय लाईक युवर फिंगर्स."

खारूताईनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्या अर्ध्या बोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "ऑल ऑफ देम?"

"ऑल," दादा म्हणाले.

सुनेनं तोच टॉवेल पुन्हा एकदा पिळला. त्यात पाण्याचा थेंब उरला नव्हता.

दुपारी बाळ झोपल्यावर ती खोलीत डोकावली. कापलेलं वाक्य बाकावर पडलं होतं, 'आय अ‍ॅम हॅपी' एकीकडे, 'यू केम' दुसरीकडे. 'बिकॉज' कुठेच नव्हता. दादांच्या खिशाला फुगवटा दिसत होता.

"दुसरा लिहून देऊ, दादा?"

"दे," दादा म्हणाले. मग थांबले, गळा साफ केला. "दे, पण या खेपेला मी सरस लावणार नाही, कारण पोरीला तो रोज नव्या ठिकाणी बसवायचाय."

पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. "आता माझ्याशी बोलायलाही सुरुवात करतील," त्या सुनेच्या कानात म्हणाल्या, "आणि मला काही सवय नाही हो!"

तेवढ्यात बाकाच्या पलीकडून, भुशात बसलेल्या खारूताईनं मान वर काढली. तिच्यापुढं ठोकळ्यांची रांग लागली होती आणि एक टोक काही केल्या बसत नव्हतं.

"कम!" ती आजोबांवर खेकसली. "सिट! होल्ड!"

दादा गेले, बसले आणि धरलं.