मचूळ बावीस मिलिमीटर

मी पर्जन्यमापक बोलतोय. म्हणजे पाऊस मोजायची प्लास्टिकची नळी. तोंडाला नरसाळं, अंगावर लाल रेघा. बोलतोय असं म्हणालो खरा, पण मला तो अधिकार आहे की नाही, याची खात्री नाही. आजवर माझ्यातलं पाणी लोकांनी वाचलं आणि लोकच बोलले. मी गप्प राहिलो. माझ्या गप्प राहण्यानं एका म्हातारीची दोन एकर ज्वारी जाता जाता राहिली, की राहता राहता गेली, ते तुम्हीच ठरवा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा जन्म एका साच्यातून झाला. माझ्यासारखे हजारो निघाले, सगळ्यांच्या अंगावर शून्यापासून शंभरापर्यंत सारख्या रेघा. तपासनिसानं माझ्यात पाणी ओतलं, रेघ पाहिली, मान हलवली आणि पुढचा उचलला. ती मान होकाराची होती की कंटाळ्याची? या शंकेनं मी आजही अस्वस्थ होतो. माझी एखादी रेघ केसभर वर असली तर? गेल्या चार वर्षांतला सगळाच पाऊस चुकीचा ठरेल.

बीडच्या एका शेतकरी मेळाव्यात माझं वाटप झालं. पालीच्या पुढच्या एका गावचे माजी सरपंच आश्रुबा यांना शाल, नारळ आणि मी असे तिघं मिळालो. शाल त्यांनी खांद्यावर घेतली, नारळ ड्रायव्हरला दिला आणि मला उलटंसुलटं करून पाहिलं.

घरी त्यांची बायको बायनाबाई म्हणाली, "लई बेस हाय. तेल मोजाया व्हईल."

"अगं, यंत्र हाय ते! हवामानाचं!"

"मग ठिवा हवेत."

माझ्यासोबत आलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, की मला भिंतीपासून, झाडापासून आणि पाण्याच्या कुठल्याही साधनापासून लांब, मोकळ्या जागी लावावं. आश्रुबांनी तो कागद मोठ्यानं वाचला, त्याचा फोटो काढला आणि मला कुंपणाच्या खांबाला बांधलं. कारण तिथं उभं राहिलं की मागं 'आश्रुबा निवास' ही पाटी फोटोत येते. कुंपणाच्या पलीकडं शेजारी आसारामचा गहू होता.

आश्रुबांच्या मोबाईलमध्ये 'शिवारातले सोबती' नावाचा ग्रुप आहे. निवडणूक हरल्यावर त्यांनी तो काढला. नियम एकच: राजकारण नको, फक्त रोजचं कामधाम, प्रवास आणि पाऊसपाणी. एकशे बारा सोबती. आश्रुबा प्रत्येक मजकूर माझ्याशेजारी उभे राहून मोठ्यानं वाचत, म्हणून मलाही सगळं कळायचं.

पालीचा हनुमान रोज सकाळी धरणाचा फोटो टाकायचा, रोज त्याच जागेवरून. धरण जागचं हललेलं नाही, याची सगळ्यांना रोज खात्री पटायची. धर्मापुरीची सुकन्या देवळामागचं आभाळ टाकायची आणि खाली लिहायची, 'आज शेंगा फोडल्या.' लगेच सदतीस अंगठे. कुणी नारायणगडाच्या दर्शनाला निघालं की पिकअपमधून बारा व्हिडिओ यायचे आणि बाराही व्हिडिओंत ड्रायव्हरचं डोकं दिसायचं. गावातली दोन घरं तर भिंतीला भिंत लावून होती. त्या घरांतले दोघं ग्रुपवर एकमेकांना 'काय चाललंय सोबती?' विचारायचे आणि मग बाहेर येऊन, एकमेकांना न पाहिल्यासारखं करून, तोंड धुवायचे. मी हसत होतो असं समजू नका. आमच्यात हसायची सोय नाही.

त्या ग्रुपची खरी गरज दोघांनाच होती असं मला वाटतं. तानाजी आणि त्याची बायको कडूबाई. दिवाळी झाली की ते ऊसतोडीला लांब जायचे. तिकडून कोपीपुढची, म्हणजे पाचटाच्या झोपडीपुढची चूल दाखवायचे, मोळ्यांनी भरलेली गाडी दाखवायचे आणि दर वेळी शेवटी विचारायचे, "गावाकडं आभाळ कसंय?" त्यांची दोन एकर ज्वारी इकडं उभी होती. वर्षाची भाकरी तिच्यातून आणि बैलांचा कडबाही तिच्यातूनच. घरी तानाजीची आई, चंद्रभागाबाई, एकटी. तिच्याकडं मोबाईल नव्हता, म्हणून ग्रुपच्या हिशेबी ती गावात राहतच नव्हती.

सकाळी आठला आश्रुबा मफलर गुंडाळून माझ्यापुढं यायचे. पावसाळ्यात त्यांची छाती माझ्या पाण्याबरोबर वर चढायची. हिवाळ्यात मात्र शून्य. शून्यावर कुणाचं पुढारपण टिकत नाही. म्हणून ते 'आज ०.०० मिमी' असं लिहायचे. दशांश चिन्हापुढचं मोजायची ताकद माझ्या अंगात नाही. ती त्यांनी मला बहाल केली आणि मी ती घेतली. माझी पहिली लबाडी कदाचित हीच असेल.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. ज्वारी पोटरीत आली होती. म्हणजे कणीस अजून पानाच्या पोटात, बाहेर यायच्या बेतात. या वेळी एक पाणी मिळालं तर दाणा भरतो. नाही मिळालं तर कणीस नुसतं नावाला येतं. तानाजीची आणि आसारामची विहीर सामाईक. तानाजीनं जाताना आसारामला सांगून ठेवलं होतं, की गुरुवारी दिवसा लाईट आहे, तेवढी पाण्याची एक पाळी माझ्या ज्वारीला द्या.

बुधवारी पहाटे लाईट आली आणि आसारामनं गव्हावर तुषार सोडले. त्यातलं एक नोझल अडकलं. ते गोल फिरायचं सोडून माझ्याकडं तोंड करून उभं राहिलं आणि दोन तास माझ्यावर पाणी मारत राहिलं. मी ते घेतलं. दुसरं काय करणार? कुठून आलास, असं पाण्याला विचारणं मला शिकवलेलं नाही. लाईट गेली, नोझल थांबलं, तेव्हा पाणी बरोबर बाविसाव्या रेघेवर होतं.

आठ वाजता आश्रुबा आले आणि ओरडले, "बायना! अगं ये! बावीस!"

"कशाचे?"

"पावसाचे! रात्री लई झालाय."

"मग पत्र्यावर कावून न्हाई वाजला?"

"तू घोरत व्हतीस."

बायनाबाईनं मान वर करून पाहिलं. "आवो, पत्रा कोरडा हाय की."

"यंत्रापुढं पत्र्याचं काय घिऊन बसलीस!"

फोटो गेला. 'आपल्या शिवारात २२.०० मिमी. सोबत्यांचे अभिनंदन.' आभाळ आदल्या दिवसापासून ढगाळ होतं, मोबाईलही 'पावसाची शक्यता' म्हणत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. हनुमाननं लिहिलं, 'आमच्याकडंबी भुरभुर झाली,' आणि सोबत कालचंच धरण. सुकन्यानं लिहिलं, 'मातीचा वास इथपर्यंत आला.' गावातल्याच एकानं, अंगावर गोधडी असतानाच, कळवलं, 'आमच्या गल्लीत जरा कमी. अठरा-एकोणीस आसंल.' त्याच्याकडं माझ्यासारखं काही नव्हतं. दाराबाहेर पाय टाकला असता तर पायाला धूळ लागली असती.

मग उसाच्या फडातून तानाजीचा आवाज आला. "आश्रुबादादा, देव पावला बघा. आसारामभाऊ, मग उद्याची पाळी राहू द्या. लई तरास नका घिऊ. आन् आईला म्हनावं, काळजी मिटली." मागून कडूबाईचं हसणं ऐकू आलं. "बावीस म्हंजी पाण्याचा दंड भरून वाहिला आसंल!" त्या हसण्यानं मला चरचरलं. रिकामं व्हावंसं वाटलं, पण उलटं होणं माझ्या हातात नाही.

थोड्या वेळानं आसाराम नोझल सोडवायला आला. त्यानं कोरडा बांध पाहिला, ओलं कुंपण पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. नंतर खिशातून मोबाईल काढून तानाजीच्या निरोपाखाली अंगठा उमटवला. तो खोटं बोलला, असं मी म्हणणार नाही. अंगठ्याला कुणी बोलणं म्हणत नाही. ही सोय फार चांगली निघाली आहे.

गुरुवारचं पाणीही गव्हानं प्यायलं.

वापरायच्या नियमाप्रमाणं वाचन झालं की मला रिकामं करायचं असतं. आश्रुबांनी केलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला बावीस मिलिमीटर तसेच ठेवले. त्यांच्या हातून झालेली ही एकच चूक अशी, की जिचे मी आभार मानतो.

शनिवारी सकाळी चंद्रभागाबाई आली. हातात फावडं तसंच.

"आश्रुबा, पाऊस कुठं ठिवलाय?"

"म्हंजी? या काकू, बसा."

"बसाया न्हाई आले. बेस्तरवारी दुपारवर दंडावर उभी व्हते, पाणी आलं न्हाई. आसारामला इचारलं तर म्हनतो, तानाजीच नको म्हनला, पाऊस झालाय. म्हनलं, कुठं? तर म्हनतो, ग्रुपवर. म्हनलं बघून तर येवं."

आश्रुबांनी मोबाईल पुढं केला. "हे बघा. बावीस."

"ह्यातला नगं. त्यातला दाव."

तिनं स्वतःच माझी सुतळी सोडली. नरसाळं काढलं, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग परत एकदा लावलं. माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी वाचलं होतं. चाखलं कुणी नव्हतं.

"मचूळ हाय," ती म्हणाली.

"प्लास्टिकची चव आसंल, काकू."

"तू गोट्या खेळत व्हतास तवा आमची हीर म्या खांदलीया. हिचं पाणी मला वळखू येत न्हाई व्हय? आभाळाचं पाणी कवा मचूळ आसतं रं?"

दारातून बायनाबाई म्हणाली, "म्या सांगत व्हते, पत्रा कोरडा हाय."

आश्रुबांनी कुंपणापलीकडं पाहिलं. नोझल दिसलं. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि मला त्यांची कीवही आली. आकड्यावर उभं राहिलेल्या माणसाच्या पायाखालून आकडा निघाला, की काय होतं, ते मला माहीत आहे. मी तर आकड्यांचाच बनलोय.

"माझी भुई भेगाळलीया," चंद्रभागाबाई म्हणाली. "पोटरी आतल्या आत वाळाया लागली. लेकरं तिकडं कोयता चालवत्यात, आन् तू हितं बसून त्यांला पाऊस पाडून दावतूस? लाव फोन तान्याला."

"ग्रुपवर टाकतो की, काकू. सगळ्यांलाच कळंल."

"सगळ्यांची ज्वारी हाय का तिथं? तान्याला लाव. तोंडानं बोल."

त्यांनी फोन लावला, बोलले. तोंडानं बोलायला त्यांना फार वेळ लागला. मध्ये दोनदा 'तसं नव्हं रं' म्हणाले. तानाजी काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. पण त्यानं शिवी दिली असती तर आश्रुबांना बरं वाटलं असतं, असा त्यांचा चेहरा झाला होता.

फोन ठेवल्यावर त्यांनी ग्रुपवरही लिहिलंच. 'सर्व सोबत्यांना कळविण्यात येते की यंत्रातील तांत्रिक बिघाडामुळे...'

बिघाड! माझ्यात बावीस मिलिमीटर पाणी होतं आणि मी बावीसच दाखवले होते. तरीही खरं सांगतो, ते शब्द ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की असेलही. तपासनिसाची ती मान आठवली. खाली शहाऐंशी अंगठे पडले. दिलगिरीलाही अंगठा आणि पावसालाही अंगठा. हनुमाननं लिहिलं, 'मला शंका आलतीच.'

"न्या ते, काकू," आश्रुबा म्हणाले. "बिघडलंय."

चंद्रभागाबाईनं माझ्यातलं पाणी कुंपणाच्या मुळाशी ओतलं. "ह्यानं काय बिघडवलं? ह्याला दिलं तेवढं ह्यानं धरलं. चव बघाया तुमाला जिभा न्हाईत व्हय?"

हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. अस्वस्थ झालो की काढून पाहतो.

त्यानंतर लाईटच्या वेळा बदलल्या. ज्वारीला पाणी मिळालं ते मंगळवारी. आसारामनंच दिलं आणि दंड फोडायला स्वतः उभा राहिला. विहिरीजवळची ज्वारी भरली. वरच्या अंगाची पोचट राहिली. कणीस हातात घेतलं की भुसा उडायचा. कडबा मात्र झाला. म्हणून म्हणालो, गेली की राहिली ते तुम्हीच ठरवा. चंद्रभागाबाई विचारणाऱ्याला एवढंच सांगते, "निम्मी घरात आली, निम्मी ग्रुपवर गेली."

आता मी तिच्या बांधावरच्या खांबाला आहे. आजूबाजूला भिंत नाही, झाड नाही. कागदात लिहिली होती तशी जागा मला शेवटी एका न वाचणाऱ्या बाईनं दिली. सुतळी जरा सैल आहे, मी थोडा कललेला असतो. त्यामुळं माझा अर्धा मिलिमीटर चुकत असेल का, ही काळजी मला लागलेली असते. तिला ती नाही. ती रेघा वाचतच नाही.

आश्रुबांचं माझ्यावाचून अडलेलं नाही. रोज आठ वाजता आकडा जातो, सोबत माझा जुना फोटो. मी होतो तेव्हापेक्षा आकडे आता जास्त देखणे असतात असं ऐकतो. परवा ०.३५ होता. सोबती एकशे चाळीस झालेत.

फेब्रुवारीत काढलेली ज्वारी खळ्यावर होती. एका सकाळी बायनाबाई मोबाईल घेऊन बांधावर आली. तिकडून तानाजी विचारत होता, "आई, आभाळ कसंय?"

"थांब," चंद्रभागाबाई म्हणाली. तिनं वर पाहिलं. माझ्यात पहाटेच्या सरीचं बोटभरही नसेल एवढं पाणी होतं. तिनं नरसाळं काढलं, मला कलतं केलं, बोट बुडवलं आणि चाखलं.

"गोड हाय," ती म्हणाली. "आभाळाचंच हाय. ठिव फोन, कणसं झाकायची हायत."

ग्रुपवर त्या दिवशी ०.०० होतं.

तिनं बोट बुडवून चाखेपर्यंत तानाजी तिकडं फोन कानाला लावून थांबला होता. काही न बोलता, अंगठा न उमटवता. माझं तुमच्याकडं मागणं असेल तर तेवढंच आहे. मोठं वाटत असेल तर माफ करा. पण कुणी आभाळ सांगितलं, की तेवढं थांबत जा.