लाथ्रोपांच्या केसांचा हार

लोविनाचे केस शेवटी लाथ्रोप घराण्याच्या हारात बसले, आणि तेही थेट पहिल्या जागेवर. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. बेथेल फोर्कच्या इतिहासात असं काही घडलेलं नाही. हवं तर बंडीसाहेबांना विचारा, इतिहास तेच लिहितात.

हार केसांचा होता, बऱ्या घरांतून असतो तसा. घरातल्या प्रत्येकाची एक बट घ्यायची, बारीक तारेवर वळवून तिचं फूल करायचं आणि काचेच्या पेटीत घोड्याच्या नालासारखं मांडायचं. नालाचं तोंड वर, म्हणजे नशीब सांडत नाही. पहिलं फूल झेबुलन लाथ्रोपचं. डोंगर ओलांडून या ओढ्याकाठी पहिली कुऱ्हाड त्यानं चालवली. दुसरं फूल त्याच्या सुझाना घोडीच्या शेपटीचं. तिसरं बायकोचं. बायकोनं तक्रार केली नाही. घोडी खरंच आधी आली होती.

लोविनाचं फूल नव्हतं. अठराशे एकोणपन्नास साली कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे निघालेल्या एका गाडीतून, अंगात ताप होता म्हणून, चार वर्षांच्या लोविनाला लाथ्रोपांच्या ओसरीवर उतरवलं होतं. "वसंतात परत येतो," आईबाप म्हणाले. त्यानंतर वसंत बरेच आले. लोविना त्याच घरात वाढली, तिथलीच भाकर खाल्ली, तिथल्याच आजाऱ्यांच्या उशाशी बसली, आणि दर शनिवारी त्या पेटीची काच पुसत राहिली. पुसताना ती काचेत स्वतःचा चेहरा फुलांच्या मधोमध येईल अशी उभी राहायची. तेवढ्यापुरती ती त्यांच्यात असायची.

एकदा तिनं मेहिटबल आत्याला विचारलंही होतं. आत्या म्हणजे झेबुलनची नात, हाराची राखणदार, सगळ्या गावाचीच आत्या.

"आत्याबाई, एक छोटंसं फूल? कोपऱ्यात?"

"हारात येतात ते रक्ताचे नाहीतर लग्नाचे. तू आमच्या घरच्या असाहेलशी लग्न केलं असतंस तर प्रश्नच नव्हता."

"असाहेल बासष्टच्या लढाईत गेला, आत्याबाई."

"गेला. पण तुला नकार देऊन गेला का? नाही ना? मग!"

लोविनानं फडकं उचललं आणि काच पुसायला घेतली.

शहात्तर साल उजाडलं. देशाला शंभर वर्षं होणार म्हणून गावच्या सभागृहात चार जुलैला जुन्या घराण्यांच्या वस्तूंचं प्रदर्शन ठरलं. क्रँडल मंडळींनी, म्हणजे गावातल्या दुसऱ्या जुन्या घराण्यानं, आधीच हूल उठवली होती की पहिली कुऱ्हाड त्यांच्या आजोबांची. कुऱ्हाड ते आणणारच होते. आत्या म्हणाली, "कुऱ्हाड कुणाचीही असते. केस आणा म्हणावं."

त्यातच आत्याच्या पुतण्याची बायको ऑर्फा बाळंत झाली आणि थिओडोशिया जन्माला आली. तिचं फूल प्रदर्शनाआधी हारात यायलाच हवं, म्हणून आत्यानं मार्चमध्येच पेटीची काच काढून ठेवली. थिओडोशियाच्या डोक्यावर मात्र एक केस नव्हता. चकचकीत डोकं. आत्या रोज सकाळी तिच्या डोक्यावरून हात फिरवून बघायची, उसासा टाकायची आणि म्हणायची, "काच आज राहू दे." घराणं असं तीन महिने टकलावर केस उगवण्याची वाट बघत उघडं पडलं होतं.

जूनच्या अखेरीस टकलावर लव आली. आत्या पेटीशी गेली आणि किंचाळली, "खाल्लं!"

लोविना धावत आली. "कोणी? कुणाला?"

"कसरीनं! आजोबांना!"

पहिल्या जागी नुसती तार उरली होती. घोडीच्या फुलाला कसरीनं तोंडही लावलं नव्हतं.

आत्या खुर्चीत बसली. मग तिची नजर हळूहळू लोविनाच्या अंबाड्यावर जाऊन थांबली. पिंगट, किंचित तांबूस. अगदी झेबुलनचा रंग.

"नाही," लोविना म्हणाली.

"मी काही बोलले का?"

"तुम्ही बघताय, आत्याबाई."

"इतकी वर्षं जायचं होतं ना तुला हारात?"

"माझ्या नावानं जायचं होतं."

"नावाचं काय घेऊन बसलीस? फुलाला तोंड असतं का नाव सांगायला?"

"एक पाकळी माझी म्हणा. मोठ्यानं नको. फक्त मला म्हणा."

आत्यानं उठून कात्री आणली. "एका पाकळीनं सुरू होतं," ती म्हणाली, "आणि मग क्रँडल येतात."

लोविनानं अंबाडा सोडला. कसं कोण जाणे, पण तिला हवं होतं तेच मिळत होतं आणि जराही मिळत नव्हतं. आत्यानं तिच्यामागे उभं राहून आधी केस विंचरले. एवढ्या वर्षांत आत्यानं तिचे केस कधी विंचरले नव्हते. एका बटीसाठी एवढं विंचरायची गरज नव्हती, पण लोविनानं ते सांगितलं नाही. तिनं डोळे मिटून घेतले. मग कात्री चालली.

चार जुलैला सभागृह भरलं. बंडीसाहेबांनी भिंग लावून पहिलं फूल पाहिलं.

"काय तजेला! यालाच म्हणतात अस्सल रक्त. डोंगर ओलांडलेल्या माणसाचे केस आहेत, दिसतंच."

एकेक पुरुष पुढे येऊन टोपी काढू लागला. म्हातारे क्रँडलसुद्धा चरफडत वाकले. ऑर्फानं थिओडोशियाला उचलून काचेशी धरलं. "बघ बाळा, तुझे खापरपणजोबा. नमस्कार कर." थिओडोशियानं काचेवर लाळ गाळली. घरच्या मानाने तो भरघोस नमस्कार होता.

लोविना खांबाशी उभी होती. तिच्या केसांपुढे सगळं गाव वाकत होतं आणि तिला बसायला कुणी खुर्ची देत नव्हतं. बंडीसाहेब जाता जाता म्हणाले, "काच तुम्हीच पुसता ना? भाग्यवान आहात. इतक्या जवळून इतिहास बघायला मिळतो."

"हो," ती म्हणाली. "कधीकधी तोही बघतो."

साहेबांनी मान डोलावली. समजलं नाही की ते अशीच मान डोलवत.

सायंकाळी प्रदर्शन भरवणाऱ्या जुने रहिवासी समितीनं ठराव केला की हार यापुढे सभागृहातच, कुलपात राहील आणि काच पुसायला समितीचा माणूस नेमला जाईल. आत्याला नाही म्हणता आलं नाही. क्रँडलांनी कुऱ्हाड देऊन टाकली होती.

घरी भिंतीवर पेटीच्या मापाचा फिकट चौकोन तेवढा राहिला. रात्रीच्या जेवणाला दोघीच होत्या.

"घर कसं रिकामं रिकामं वाटतंय," आत्या म्हणाली.

"मी आहे ना, आत्याबाई."

"तू कुठे आहेस? तू तर तिकडे कुलपात." आत्या एवढं बोलली आणि एकदम उठून खरकटं काढायला लागली. ते काम तिनं जन्मात केलं नव्हतं. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही, आणि लोविनानं किती वाट पाहिली तरी तिच्या तोंडून तसलं वाक्य परत निघालं नाही.

ऑगस्टमध्ये लोविनानं समितीकडे अर्ज दिला:

"माननीय जुने रहिवासी समिती, बेथेल फोर्क, यांस. विषय: पहिल्या क्रमांकाच्या फुलाशी नातं ठरवण्याबाबत. अर्जदार लहानपणापासून लाथ्रोप यांच्या घरी राहते. सदर फुलाची अर्जदार कोण लागते, याचा समितीनं योग्य ती चौकशी करून निर्णय द्यावा. कोणीही लागत नाही असा निर्णय झाल्यास तसं त्या फुलाला समितीनं स्वतः, काच उघडून, अर्जदाराच्या समक्ष कळवावं, आणि फुलाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय काच पुन्हा बंद करू नये, ही नम्र विनंती."