धुक्यातली सभा आणि कस्तुराबाईची आंबील

या मायबाप, असे पुढं सरका. गारठा आहे, अंगाला अंग लागू द्या. बुवांचा फेटा बांधून व्हायचाय, मृदंगाला कणीक लागायचीय. तोवर एक आंबट गोष्ट सांगतो. गोड लागली नाही तर माझा कान पिळा.

तुळजापूरच्या पलीकडं, माळाच्या कुशीत एक गाव. बहात्तरच्या दुष्काळात तिथं ऋतू एकच उरला होता, उन्हाचा. त्या वर्षी येळवशीला कस्तुराबाई एकटीच रानात गेली. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, घालायची, चुन्यानं रंगवलेल्या दगडांचे पाच पांडव पुजायचे आणि ताकातली आंबील उभ्या ज्वारीवर शिंपडत रानाला फेरी मारायची. पण ज्वारी कुठली नि ताक कुठलं! कस्तुराबाईनं ढेकळांवर नुसतं पाणी शिंपडलं आणि काळ्या आईला शब्द दिला, "औंदा एवढ्यावर भागव, माय. माझ्या दावणीला दुभतं येऊ दे, घरच्या दुधाची आंबील पाजीन तुला."

काळ्या आईनं ऐकलं. पाऊसपाणी झालं, दावणीला म्हैस आली. गावात दूध सोसायटी निघाली आणि माणसं अशी काही हरखली की पहिल्याच दिवशी देवीच्या देवळात साऱ्यांनी बेलभंडार उचलला, "दुधाचा थेंब घरात ठिवणार न्हाय! समदं सोसायटीला!" त्यात कस्तुराबाईचा आवाज सगळ्यांच्या वर. महिना भाद्रपदाचा, येळवस कुणाच्या ध्यानातच नाही.

मग थंडी आली. काय ती थंडी, महाराज! दुष्काळ भोगलेली माणसं कुडकुडण्यावरसुद्धा खूश. "लई गारठलो बगा!" असं एकमेकांना सांगत हिंडायची, जणू घरात लगीन निघालंय. शाळू पुरुषभर वाढलेला, कणसांवर दव. आणि येळवस दोन दिवसांवर आल्यावर गावाच्या डोक्यात प्रकाश पडला.

बोळाच्या तोंडाशी गौराबाई नि कस्तुराबाई समोरासमोर आल्या, दोघींच्या हातात रिकामे तांबे.

"कुठं गं, गौरे?"

"तुमच्याच घरी, आक्का. ताकाला."

"आन् मी तुझ्या घरी निगाले!"

दोघी हसून हसून भिंतीला टेकल्या. पण घरी आल्यावर कस्तुराबाईचं हसू मावळलं. मडक्यात ज्वारीचं पीठ आंबून तयार होतं, पण ताकाचं काय? काळ्या आईला दिलेला शब्द मोडावा तर जीव धजत नव्हता आणि भवानीचा भंडारा हातात घेतलेला, तोही मोडवत नव्हता. "आई, तुमी दोघी बहिणी-बहिणी हायसा," ती देव्हाऱ्यासमोर म्हणाली, "आपसात काय ते मिटवा, मला मधी घिऊ नका."

दुसऱ्या दिवशी उजाडलं, पण दिसलं काहीच नाही. असं धुकं, असं धुकं, की माणसाला स्वतःचं धोतर दिसेना! सगळ्यांनी चाचपडत दूध आणून सोसायटीच्या कॅनमध्ये ओतलं. पण दूध न्यायची मोटारगाडी येईना. सेक्रेटरी बब्रुवान रस्त्यावर कान लावून उभा. कुठं काही खडखडलं की "आली, आली!" म्हणून धावायचा, आणि धुक्यातून कुणाचा तरी बैल त्याच्या तोंडावर फुस्कारायचा. दुपार कलली, संध्याकाळचं दूध दारात आलं, तरी गाडीचा पत्ता नाही.

"बब्रू," कस्तुराबाई म्हणाली, "थेंब न् थेंब तुझ्या कॅनात घातला. शपथ पुरी झाली का न्हाय?"

"झाली, काकू."

"मग आता दूध सोसायटीचं. आन् सोसायटी कुणाची?"

"समद्यांची. पर मला एकट्याला ठरवता येत न्हाय. सभा घ्यावी लागंल."

घेतली सभा! चेअरमन तात्याराव ओट्यावर चढले. "दुधाचं दही लावून गावात वाटावं, असं ज्येंला वाटतं त्येंनी हात वर करा."

सगळ्यांनी केले. पण दिसणार कसे?

"तात्या, तुमी तरी दिसताय का आमाला?" धुक्यातून कुणीतरी ओरडलं.

तात्यारावांनी डोकं खाजवलं. "बरं. ज्येंचा नकार आसंल त्येंनी खोकावं!"

आणि तो सगळा गाव खोकल्यानं बेजार! कुणी तोंडात पदर कोंबला, कुणी पटक्याचा शेव; म्हातारे लालबुंद झाले, पण एक घसा वाजला नाही. एवढ्यात बब्रुवान जोरानं शिंकला.

"शिंक धरायची न्हाय!" कस्तुराबाई गरजली, आणि ठराव पास झाला. मग सगळा गाव मिळून जो खोकला, तो शेजारच्या गावाला ऐकू गेला म्हणतात.

आता विरजण? दह्याची कवडी गावात नव्हती. कस्तुराबाईनं आपल्या मडक्यातलं आंबलेलं पाणी आणलं आणि कोमट केलेल्या दुधात कॅन-कॅनला थोडं थोडं घातलं. गारठ्यात दही लागायचं नाही म्हणून घराघरातून गोधड्या आल्या, घोंगड्या आल्या. बब्रुवाननं अंगातला लोकरीचा कोट काढून एका कॅनला चढवला, बटणंही लावली. गौराबाईनं त्या कॅनला काजळाची तीट लावली.

सकाळी झाकणं उघडली तर दही! घट्ट, आंबट, कॅनच्या तोंडापर्यंत. धुकं वितळलं, ऊन पडलं, घराघरातून रवीचा आवाज निघाला.

कस्तुराबाई आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन रानात गेली. तिच्या मागं बब्रुवान, कोटाला दह्याचा वास. तिनं ज्वारीवर पहिला शिंतोडा उडवला आणि येळवशीची हाळी दिली, "ओलगेऽ! घे माय, पी! उशीर झाला, पर आंबट हाय!" आणि साठीची बाई ज्वारीच्या ताटांमधून पोरीसारखी धावत सुटली, अंगावर दव, केसांत आंबील, हसू आवरेना.

तेवढ्यात बांधाजवळ हॉर्न वाजला. दुधाची गाडी! ड्रायव्हर गुरुसिद्धप्पा खाली उतरला. धुक्यापायी तो नळदुर्गच्या धाब्यावर अडकून पडला होता.

"दूध कुठं आहे, सेक्रेटरी?"

बब्रुवाननं खड्या आवाजात सांगितलं, "रानानं पिलं!" आणि आंबिलीचा तांब्या त्याच्या हातात दिला. गुरुसिद्धप्पानं एका घोटात रिकामा केला, मिशा पुसल्या आणि गाडीची चावी खिशात टाकून रानातल्या येळवशीच्या पंगतीला बसला.

झालं, टाळ वाजले, बुवा उठले. पण मायबाप, एवढं करा. मार्गशीर्षात धुकं उतरलं आणि येळवशीची आंबील ओंजळीत आली, की पिण्याआधी एक शिंतोडा ज्वारीवर उडवा, आणि आमच्या कस्तुराबाईची आठवण काढा.