दाढेचं इंजेक्शन

ब्याऐंशी साली साजगावच्या एका कारखान्यातला मुकादम, सोमा, ओढ्याकाठी मरून पडलेला सापडला. त्याच्या मनगटावर कुणीतरी कडाडून चावल्याचे वळ होते, आणि त्या वळांत वरच्या पुढच्या एका दाताची जागा रिकामी होती. त्याच कारखान्यात कामाला असलेल्या जयवंताचा नेमका तोच दात बैलाच्या शिंगानं पडलेला. शिवाय आदल्याच दिवशी सोमानं कामावरून काढलं म्हणून तो चारचौघांत त्याच्या अंगावर धावून गेला होता. पोलिसांनी त्याला घरातून उचललं.

खरं तर खून झाला त्या संध्याकाळी जयवंता गालाला फडकं बांधून भिंतीशी बसून होता. दाढ ठणकत होती. त्याची बायको पुतळाबाई हे ज्याला त्याला सांगत सुटली. पण बायको नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार, म्हणून कुणी कान दिला नाही.

कोठडीत तिसऱ्या दिवशी त्याचा गाल इतका सुजला की एक डोळा मिटला. पुतळाबाईनं नेलेल्या भाकरीचा घास त्याला तोंडात घेववेना.

"पुतळे, ही दाढ माजा जीव घेनार गं," तो कण्हत म्हणाला.

पुतळाबाईनं हवालदाराचे पाय धरले. "सायेब, मानूस हाय तो. सुई तरी टोचवा त्याला."

हवालदार आधी खेकसला, मग विरघळला. त्यानं शिळफाट्यावरून डॉक्टर बोलावला. पाच दिवस पेनिसिलीनची इंजेक्शनं झाली, सूज उतरली, जयवंता भाकरी खाऊ लागला. एवढं तरी आपल्या हातून झालं, म्हणून पुतळाबाईला त्या रात्री झोप लागली.

दोन दिवसांनी कर्जतहून डॉक्टरीणबाई आल्या. सोमाचं शवविच्छेदन त्यांनीच केलं होतं, आणि चावल्याच्या जागेवरून कापसाचा बोळा फिरवून तो त्यांनी मुंबईला, आपल्या जुन्या कॉलेजात पाठवला होता. तिथं काचेच्या बशीत चावणाऱ्याच्या तोंडातले जंतू वाढले होते. आता जयवंताच्या तोंडातले घ्यायचे होते. परवानगीचा कागद हाती पडेपर्यंत इतके दिवस गेले होते.

त्या आत गेल्या, इंजेक्शनांचं कळलं तशा लगेच बाहेर आल्या आणि पुतळाबाईशेजारी बाकावर बसल्या.

"इंजेक्शनं कुणी द्यायला लावली?"

"मीच, बाई. लई तळमळत व्हते."

डॉक्टरीणबाईंनी हातातला कापसाचा बोळा परत पिशवीत ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "प्रत्येकाच्या तोंडातले जंतू वेगळे असतात, पुतळाबाई. तुमच्या नवऱ्याचे त्या जखमेतल्यांशी जुळले नसते, तर मी कोर्टात तसं सांगितलं असतं. नवीनच तपासणी आहे, मानली असती की नाही कोण जाणे. पण त्या औषधानं त्याच्या तोंडातले जंतू मारले. आता जुळले नाहीत, तरी सगळे म्हणणार, औषधामुळे जुळले नाहीत."

"पुना येतील की ते! मी थांबते."

"येतील. पण तेच येतील, असं मला छातीवर हात ठेवून सांगता यायचं नाही. आणि बशीतले तोवर टिकायचे नाहीत."

कोर्टात जयवंताच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा फिरला. त्यातली फट सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली. जंतूंचं नावही निघालं नाही. जयवंताला जन्मठेप झाली.

येरवड्याला पहिल्या भेटीत तो जाळीआडून म्हणाला, "कोठडीत तू सुई टोचवलीस म्हनून जगलो, पुतळे."

तिनं मान खाली घातली. दुसऱ्या भेटीतही तो तेच म्हणाला. तिसऱ्या भेटीत मात्र तिला राहवेना. डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या ते सगळं तिनं सांगून टाकलं.

जयवंता ऐकत राहिला. त्याची जीभ तोंडात त्या दाढेपाशी फिरत होती, ती गालावरून दिसत होती.

"डॉक्टरीनबाई त्याच दिवशी बोलल्या?"

"व्हय."

"आनि तू आज सांगतेस." त्यानं जाळीवरचे हात काढून घेतले. "दुखनं सोसलं असतं गं मी. दाढच ती. सोसली असती."

"अवो, मला काय म्हाईत व्हतं? तुमी मरत व्हता डोळ्यासमोर—"

वेळ संपायला अजून बरीच मिनिटं होती. तो उठला आणि आत निघून गेला.

पुढल्या महिन्यात ती गेली तेव्हा शिपाई आत जाऊन परत आला. "येत नाही म्हणतो."

"दुखतंय का काय त्यांना?"

"धडधाकट आहे. येत नाही म्हणतो."

त्याच्या पुढल्या महिन्यातही ती गेली. मग पावसाळाभर जात राहिली. जयवंता एकदाही जाळीपाशी आला नाही.