कर्ण्यातलं ‘शेम शेम’

मी एक जुना कर्णा आहे, नायगाव तालुक्यातल्या एका शाळेच्या छपरावरचा. नांदेडच्या बाजारातून आलो तेव्हा हळदीकुंकू लावून, नारळ फोडून माझं स्वागत झालं होतं. प्रार्थना, झेंडावंदनाची भाषणं, सगळं मी गावभर पोचवलं. मग सिद्रामप्पा सर मुख्याध्यापक झाले आणि माझ्या तोंडाची चवच गेली.

मित्रांनो, परिपाठ संपला की सर उशिरा आलेल्यांना समोर उभं करत आणि माइकवरून एकेकाचं नाव घेत. प्रत्येक नावामागे सगळ्या शाळेनं ‘शेम शेम’ म्हणायचं. शेतातल्या आईबापांनाही ते ऐकू जाई. मला सरांचा मनस्वी राग येई, पण तोंड माझं असलं तरी जीभ त्यांची होती.

पाचवीतल्या सृष्टीचं नाव रोजच येई. एके दिवशी ती आलीच नाही. तिची आई फाटकाशी येऊन म्हणाली, “गावात तोंड दाखवाया जागा न्हाई ठेवली. बस झाली साळा.”

पुढं तालुक्याहून कृती संशोधनाचा, म्हणजे शाळेतलीच एक अडचण सोडवून अहवाल धाडायचा, तगादा आला. सरांनी ‘उशिरा येणारी मुलं’ हा विषय पाचवीच्या रूपाली मॅडमच्या गळ्यात मारला. मॅडमनी आधी मुलांनाच, घरी बसलेल्यांच्या दारात जाऊनही, कारण विचारलं. सृष्टी धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून येई आणि अंगणवाडी शाळेच्याच वेळेला उघडे, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

“सर, महिनाभर नावं घेऊ नका. काय फरक पडतो बघू,” मॅडम म्हणाल्या.

“धाक गेला की शाळा गेली,” सर गुरगुरले. पण अहवाल हवा होता, म्हणून कबूल झाले.

भीतीनं घरी बसलेली मुलं हळूहळू येऊ लागली. सृष्टीच्या आईनं मात्र मॅडमना बजावलं, “धाडते. पुन्हा भोंग्यात नाव आलं, तर कायमची घरी.”

अहवाल गेला. सरांचं कौतुक झालं. दुसऱ्याच सकाळी त्यांनी माइक उचलला.

“संशोधन संपलं. आता शिस्त. सृष्टी, पुढं ये.”

माझ्या अंगाची आग झाली. सर ‘शेम शेम’ची वाट बघत राहिले. पोरं गप्प.

“म्हणा की रे,” सर खेकसले. तरी गप्प. रूपाली मॅडम सृष्टीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. ती शांतता मी गावभर ऐकवली, तिच्या आईलाही. सृष्टी वळली आणि आपल्या रांगेत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही आईनं तिला धाडलं आणि ती आली, उशिराच.

सरांनी माझी वायर उपटली. मी अडगळीत गंजत पडलोय. मला पुसा, रंगवा, पुन्हा छपरावर चढवा. पण मित्रांनो, माझ्यातून कुणाचं नाव घेण्याआधी त्याला जवळ बोलावून हळूच विचारा, बाळा, उशीर का झाला?